बायकोनं दूध सोडलं, तुमचं काय गेलं?

मुसलमानानं गुटखा सोडला तर लोक शाबासकी देतात. साखर सोडली तर कोणत्या डॉक्टरला दाखवलं म्हणून विचारतात. गोश्त सोडलं तर मात्र ईमानाची चौकशी सुरू होते. आणि एखाद्या बाईनं गोश्ताबरोबर अंडी, दूध, दही, तूप आणि मधही सोडला, तर नांदेडच्या इतवाऱ्यापासून लातूरच्या गंजगोलाईपर्यंत ज्याला त्याला त्यावर मत असतं.

माझी बायको गेल्या वर्षापासून व्हीगन आहे. म्हणजे जनावरापासून येणारं काहीच ती खात नाही. तिचं माहेर लातूर, सासर नांदेड. दोन्हीकडं दस्तरख्वानावर गोश्त नसेल तर पाहुणा जेवला असं कुणी मानत नाही. मी स्वतः व्हीगन नाही. पण आमच्या घरी संध्याकाळचा स्वयंपाक माझ्याकडं आहे, त्यामुळं तिला काय करून घालायचं हा प्रश्न माझा होता. तो पंधरा दिवसांत सुटला. लोकांचा प्रश्न अजून सुटलेला नाही, म्हणून हा लेख.

आधी आपल्या लोकांशी बोलू.

‘गोश्त नै तो कायकी दावत जी?’ हे वाक्य आपल्याकडं हसत हसत म्हटलं जातं. पण त्याच्या मागोमाग येणारा सवाल हसण्यावारी नेण्यासारखा नाही. अल्लाहनं जे हलाल केलं ते तुम्ही आपल्यावर हराम कसं करून घेता, असं विचारलं जातं. सवाल वजनदार आहे. कुरआनात सूरह माइदा आणि सूरह तहरीम या दोन्ही ठिकाणी याबद्दल ताकीद आलेली आहे. पण ताकीद कशाची आहे, हे नीट वाचायला हवं. हलाल वस्तूला हराम ठरवण्याची ती ताकीद आहे. एखाद्यानं आपल्या ताटात काय घ्यावं, काय घेऊ नये, याची ती यादी नव्हे.

घोरपडीसारख्या एका वाळवंटी प्राण्याचं गोश्त पैगंबरांसमोर आलं, तेव्हा त्यांनी हात मागं घेतला. आपल्या भागात हे खाल्लं जात नाही, मन घेत नाही, एवढंच कारण त्यांनी सांगितलं. शेजारी बसलेल्या खालिद बिन वलीद यांनी तेच गोश्त त्यांच्या देखत खाल्लं आणि त्यांना कुणी अडवलं नाही. ही हदीस बुखारीत आहे. न खाणं वेगळं आणि हराम म्हणणं वेगळं, हा फरक चौदाशे वर्षांपूर्वी एका दस्तरख्वानावर स्पष्ट झालेला आहे. आपल्याला तो आज एका वलीम्याच्या मांडवात समजत नाही. माझी बायको कशालाच हराम म्हणत नाही. मी तिच्यासमोर बसून नळी चोखतो, ती माझ्यावर फतवा काढत नाही. फतवे काढणारे बाहेरचे आहेत.

आणि गोश्त म्हणजेच इस्लामी जेवण, हा समज कुठून आला? पैगंबरांच्या घरात महिना महिना चूल पेटत नसे आणि खजूर-पाण्यावर दिवस निघत, हे हजरत आयेशांनीच सांगितलेलं आहे. गोश्ताची चटक दारूच्या चटकेसारखी लागते, अशा अर्थाचा इशारा हजरत उमर यांच्या नावे इमाम मालिकांच्या मुवत्तात नोंदलेला आहे. ख्वाजा मोईनुद्दीन चिश्तींचे खलिफा शेख हमीदुद्दीन नागौरी (निधन १२७४) नागौरजवळच्या खेड्यात बिघाभर जमीन कसून राहिले आणि आयुष्यभर गोश्तापासून लांब राहिले. त्यांच्या दर्ग्यावर आजही चादर चढते, त्यांचं ईमान कुणी तपासत नाही.

‘व्हीगन’ हा शब्द इंग्लंडमध्ये १९४४ साली तयार झाला. त्याच्या सुमारे नऊशे वर्षं आधी सीरियातल्या मअर्रा गावचा अंध कवी अबुल अला अल-मअर्री यानं गोश्त, दूध, अंडी आणि मध सोडलेला होता. त्याच्यावर नास्तिकपणाचा आरोप झाला, म्हणून त्याला धर्माचा दाखला माना असं मी म्हणत नाही. पण याच विषयावर त्याचा आणि फातिमी दरबारातल्या एका मोठ्या आलिमाचा पत्रव्यवहार झाला. दोघांनी दलीलला दलीलनं उत्तर दिलं. आपण मात्र एका बाईला ‘क्या फॅशन है’ म्हणून मोकळे होतो.

राहिली बकरीद. हनफी फिक्हमध्ये ऐपतदारावर कुर्बानी वाजिब आहे, त्यातलं गोश्त स्वतः खाणं वाजिब नाही. ते सगळंच्या सगळं गरिबांत वाटता येतं. तेव्हा बायकोच्या ताटात बोटी पडली नाही म्हणून कुणाची इबादत अडलेली नाही. उलट त्या दिवशी आमच्याकडून जास्त घरांत वाटा गेला.

आता दुसऱ्या बाजूचे लोक. यांचा सूर गोड असतो, म्हणून ते जास्त टोचतात.

‘अरे वा, वहिनी सुधारल्या!’ ‘तुमच्यात हे चालतं?’ ‘बघा, शेवटी सात्त्विक आहारच खरा.’ ही वाक्यं मला ओळखीतल्या सुशिक्षित लोकांनी ऐकवलेली आहेत, तीही कौतुक म्हणून. या कौतुकाच्या पोटात एक शिवी आहे. सुधारली म्हणजे आधी बिघडलेली होती. तिची आई, तिची नानी, अख्खा मोहल्ला बिघडलेला होता, आणि आता एक बाई तुमच्या पंगतीत बसायच्या लायकीची झाली. ही पंगत आम्ही मागितलेली नाही.

शिवाय हे कौतुक करणाऱ्यांनी माझ्या बायकोचं म्हणणं ऐकलेलंच नाही. तिनं दूधही सोडलंय. का सोडलं, ते एकदा समजून घ्या. गाय असो की म्हैस, व्याल्याशिवाय दूध देत नाही. वासरांतली निम्मी नर निघतात. शेतात ट्रॅक्टर आल्यावर त्या नरांचं काम उरलेलं नाही. आटलेल्या जनावराला चारा घालणं कोरडवाहू शेतकऱ्याला परवडत नाही. आपला देश दुधाच्या उत्पादनात जगात पहिला आहे आणि म्हशीच्या मांसाच्या निर्यातीत पहिल्या काही देशांत आहे. या दोन गोष्टी एकाच गोठ्यातून निघतात. पेढा खाणाऱ्यानं खाटकाकडं बोट दाखवायचं म्हणजे एकाच गाडीत बसून ड्रायव्हरला शिव्या देण्यासारखं आहे.

मार्च २०१५ मध्ये महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदीचा कायदा लागू झाला. गायीची कत्तल १९७६ च्या कायद्यानंच बंद होती, आता बैल आणि वळूही त्यात आले. पुढच्याच वर्षी लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. माणसाला पाणी नव्हतं, त्या साली म्हातारा बैल दावणीला बांधून ठेवायचा म्हणजे काय, हे शेतकऱ्याला विचारा. विकता येईना आणि पोसता येईना. कुरेशी बिरादरीच्या धंद्याचं काय झालं ते तर कुणी विचारलंच नाही. मुंबई उच्च न्यायालयानं मे २०१६ मध्ये कायदा कायम ठेवला, पण राज्याबाहेरून आलेलं असं मांस नुसतं जवळ बाळगण्याला गुन्हा ठरवणारं कलम रद्द केलं. ते रस्त्यावरच्या टोळ्यांना अजून कळलेलं नाही, किंवा कळून घ्यायचं नाही.

माझ्या बायकोचा प्रश्न खाटकाला आहे तसा डेअरीलाही आहे. तुमचा प्रश्न फक्त खाटकाला आहे, आणि तोही आडनाव बघून. तिच्या ताटाचा दाखला देऊन कुणी आमच्या मोहल्ल्यातली दुकानं बंद करायला निघाला, तर त्याला अडवायला पहिली ती उभी राहील. २०२५ च्या स्वातंत्र्यदिनी काही महापालिकांनी मांसविक्री बंद ठेवायला लावली, तेव्हा सर्वांत जास्त चिडलेली तीच होती. त्याच वर्षीच्या जानेवारीत राज्य सरकारनं शाळेतल्या पोषण आहारातल्या अंड्यांचा निधी थांबवला, तेव्हाही तिचं म्हणणं सरळ होतं: मी अंडं खात नाही, पण भुकेल्या पोराच्या ताटातलं अंडं काढणारी मी कोण? आपल्या मर्जीनं सोडणं आणि दुसऱ्याच्या तोंडचं काढून घेणं, यातलं अंतर जिला कळतं, तिला सात्त्विकतेचं प्रमाणपत्र नको आहे. बड्याच्या गोश्तावर ज्यांची पोरं वाढली, त्यांना स्वस्त प्रथिनांचा दुसरा पर्याय न देता आहारावर प्रवचन देणं हा उद्धटपणा आहे.

तिसरा गट बाजाराचा. मोबाईलवर ‘व्हीगन’ लिहून शोधलं की बदामाचं दूध, टोफू, अ‍ॅव्होकॅडो आणि परदेशी बियांची पाकिटं समोर येतात. बघून वाटतं, हे आपल्या ऐपतीचं नव्हे, हा पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमधला शौक आहे. मी याला सपशेल खोटं म्हणतो. व्हीगन जेवण मराठवाड्यात विकत आणावं लागत नाही, ते आपल्याच चुलीवर शिजत आलंय. फक्त ते गरिबीचं जेवण म्हणून आपण त्याला पाहुण्यांपासून लपवून ठेवलं. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या पुस्तकात मराठवाड्यातल्या दलितांच्या जेवणाची नोंद करून ठेवली. असं जेवण कुणी लिहीतच नव्हतं, म्हणून ते पुस्तक महत्त्वाचं. मुसलमानांच्या घरातल्या डाळ-भाजीची अशी नोंद करायला हवी. आपली ओळख बिर्याणीवर सुरू होते आणि बिर्याणीवरच संपते.

आमच्या घरातला आठवडा सांगतो. सकाळी कधी सुशीला: मुरमुरे भिजवून पिळायचे, कांदा-मिरचीची फोडणी, शेंगदाणे, वरून डाळ्याचं पीठ. दहा मिनिटांचं काम. कधी खिचडी आणि तिल का खट्टा. तीळ आणि शेंगदाणे भाजून वाटायचे, चिंचेच्या कोळात कालवायचे, त्यात कच्चा कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर, वरून लाल मिरचीचा बघार. दूध-दह्याचा थेंब नाही, आणि नांदेड-लातूर निजामाच्या राज्यात होतं तेव्हापासूनची ही न्याहारी आहे. लोक शेजारी खिमा ठेवतात. तो ठेवला नाही तर खट्ट्याला राग येत नाही.

रात्री ज्वारीची भाकरी आणि खट्टी दाल. तुरीची डाळ शिजवून चिंच घाला, तेलात लसूण, जिरं, कढीपत्ता, सुकी मिरची तडतडवा, झालं. दुसऱ्या दिवशी अंबाडीची भाजी, ज्वारीच्या कण्या आणि थोडी डाळ घालून, वर लसणाची फोडणी. कधी बगारा बैंगन, कधी मिर्ची का सालन. दोन्हीच्या रश्श्याला शेंगदाणे, तीळ, सुकं खोबरं आणि चिंच पुरते. घाई असेल तर येसर आहे. भाजलेली धान्यं, डाळी आणि मसाले दळून ठेवलेलं हे पीठ फोडणीच्या पाण्यात सोडलं की पाच मिनिटांत आमटी तयार. पाटवडीचा रस्सा, शेंगोळे, पिठलं, घोळ, तांदुळजा, चुका, हरभऱ्याचा पाला; सोबत जवस, कारळ किंवा शेंगदाण्याची चटणी आणि वर करडईचं कच्चं तेल. यातलं काय परदेशी आहे?

लातूरची बाजार समिती तूर आणि सोयाबीनच्या उलाढालीसाठी देशभर ओळखली जाते. तिथली पेंड कोंबड्यांच्या खाद्यात जाते आणि मग कोंबडीतून आपल्याकडं येते. सोयाबीनच्या वड्या गरम पाण्यात भिजवून, घट्ट पिळून, खिम्याच्या मसाल्यात परतल्या तर ताटात प्रथिनं थेट येतात. परभणीच्या कृषी विद्यापीठानं लोह आणि जस्त जास्त असलेली ‘परभणी शक्ती’ ही ज्वारीची जात २०१८ मध्ये दिली. ज्या जमिनीत हे पिकतं तिथल्या माणसानं बदामाच्या दुधाच्या पाकिटासमोर हात टेकावेत, ही शरमेची गोष्ट आहे.

जिथं अडतं ते चहापाशी. हे खरं आहे, लपवण्यात अर्थ नाही. नव्यानं व्हीगन झालेला माणूस गोश्तावर घसरत नाही, तो दुधाच्या चहावर घसरतो. आमच्याकडं तोडगा सुलेमानी निघाला: काळा चहा, लिंबू, थोडा पुदिना. बिर्याणीत दह्याच्या जागी टोमॅटो आणि लिंबू. ईदच्या शीरखुर्म्यात नारळाचं दूध, वाटलेले काजू आणि खसखस. चव वेगळी येते, वाईट नाही. पाकिटावरचा हिरवा ठिपका बघून फसू नका, त्यात दूध चालतं. व्हीगनसाठी २०२२ च्या नियमांनी वेगळं चिन्ह दिलंय. जिलेटिन कशाचं, हे पाकीट उलटं करून वाचायची सवय आपल्याला आधीपासून आहेच, ती इथं कामाला येते.

एक गोष्ट कानाला खडा लावून ऐका. बी-१२ हे जीवनसत्त्व वनस्पतींतून भरवशानं मिळत नाही. ज्यानं दूध-अंडी-गोश्त सगळं सोडलं त्यानं त्याची गोळी घ्यावीच, अधूनमधून रक्त तपासावं. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईनं डॉक्टरला विचारल्याशिवाय असं काही करू नये. पालेभाजीवर लिंबू पिळावं, जेवल्या जेवल्या चहा घेऊ नये, म्हणजे लोह अंगी लागतं. कॅल्शियमसाठी तीळ आणि नाचणी. ‘आपल्या पूर्वजांना कुठं गोळ्या होत्या’ असं म्हणणाऱ्यांचं ऐकू नका, आपले पूर्वज पूर्ण व्हीगन नव्हते.

आता मूळ दुखण्यावर येतो. या सगळ्यात भांडण धर्माचं दिसतं, पण ते आहे चुलीचं. एकत्र कुटुंबात नवऱ्यानं आहार बदलला की सासू सुनेला म्हणते, ‘त्याच्यासाठी वेगळं कर.’ सून वेगळं करते. दोन भाज्या, दोन तवे, दुप्पट भांडी. त्याच्या निग्रहाची तारीफ होते, तिच्या कमरेची कुणी चौकशी करत नाही. सुनेनं आहार बदलला की तीच सासू म्हणते, ‘नखरे माहेरी करायचे.’ मग सून सगळ्यांसाठी सालन रांधते आणि स्वतः लोणचं-भाकरी खाऊन उठते. व्हीगन होणं अवघड आहे असं जे म्हणतात, त्यांनी आधी हे सांगावं की अवघड कुणासाठी आहे. नांदेड-लातुरात मला एकही घर असं माहीत नाही जिथं सामान मिळालं नाही म्हणून अडलं. अडतं ते रांधायला कुणी उठत नाही म्हणून.

उपाय साधा आहे. घरातला मूळ स्वयंपाक सगळ्यांना चालेल असा करा आणि गोश्त वेगळ्या भांड्यात शिजवा. दालचा घ्या: डाळ आणि दुधी एकत्र शिजवायचा, तिची वाटी काढून घ्यायची, मग उरलेल्यात शिजलेलं मटण सोडायचं. खिचडी तेलात करायची, तूप ज्याला हवं त्यानं आपल्या ताटात घ्यावं. एक चूल, एक सालन, शेवट दोन. जास्तीचं काम दहा मिनिटांचं. ती दहा मिनिटं पुरुषानं द्यावीत.

यावर आपले पुरुष हसतात. ‘भाई, चूल-वूल सांभाळायला लागले वाटतं!’ त्यांनी एकदा नांदेडच्या हुजूर साहिबच्या लंगरमध्ये जाऊन बघावं. मिशांना पीळ दिलेले दणकट सरदारजी परातीत कणीक मळतात, तव्यावर रोट्या भाजतात, भांडी घासतात. कुणाच्या मर्दानगीला धक्का लागलेला दिसत नाही. आणि लंगर लांब वाटत असेल तर आपल्याच घरात बघा. पैगंबर घरी असताना काय करत, असं विचारल्यावर हजरत आयेशांनी घरच्यांच्या कामात हात लावत, असंच उत्तर दिलेलं आहे. दाढीची सुन्नत आपल्याला पाठ आहे, लाकडी मिसवाक खिशात असतो. घरकामाची सुन्नत मात्र कुणाच्या तकरीरमध्ये येत नाही, कारण ती पाळायला उठावं लागतं.

पैगंबर समोर आलेल्या जेवणाला कधी नाव ठेवत नसत, आवडलं तर खात, नाही तर तसंच राहू देत, हेही हदीसमध्येच आहे. आपण दुसऱ्याच्या ताटाला नाव ठेवतो, त्याच्या कमाईला, त्याच्या बायकोला, तिच्या माहेराला नावं ठेवतो, आणि वर याला दीनची फिकीर म्हणतो. शेजारचे धर्माभिमानीही तेच करतात, फक्त त्यांचं यादीतलं नाव वेगळं असतं.

तेव्हा पुढच्या दावतीत माझ्या बायकोच्या ताटात बोटी दिसली नाही तर तिला कारण विचारू नका. ईमान मोजू नका, शाबासकीही देऊ नका. डाळीचं भांडं तिच्याकडं सरकवा. आणि तुमच्या घरात उद्या कुणी असं काही सोडलं, मग ती बहीण असो, बायको असो की मुलगा, तर बहस करण्याआधी शेरभर तूर निवडून भिजत घाला. ज्याला नुसती बहस करायची आहे त्यानं त्या दिवशी भांडी घासावीत.